परत न आलेले वैमानिक
युद्धातील बेपत्तांची नोंद आणि समाजाचे कर्तव्य

कोल्हापूर जिल्ह्याला सैनिकी परंपरा नवीन नाही. शिरोळ तालुक्यातील टाकळी हे गाव तर 'सैनिक टाकळी' या नावानेच सर्वत्र ओळखले जाते. घराघरांतून सैन्यात जाणारी माणसे, पेन्शन घेऊन शेतीकडे परतलेले सुभेदार-हवालदार आणि गावच्या वेशीजवळ उभे असलेले हुतात्म्यांचे स्मारक हे दृश्य जिल्ह्याच्या अनेक भागांत पाहावयास मिळते. सैनिकाला वीरमरण आले म्हणजे गाव शोक करते, अंत्यसंस्कार होतात, नाव दगडावर कोरले जाते आणि काळाच्या ओघात दुःखाला एक मर्यादा पडते. १९९९ च्या कारगिल संघर्षापासून पार्थिव सन्मानपूर्वक गावी आणण्याची पद्धत रूढ झाली. त्यापूर्वी बहुधा रणभूमीजवळच अंत्यविधी होत आणि घरी येई ती तार व त्यामागोमाग सैनिकाचे सामान. तथापि त्या तारेतही एक निश्चित वार्ता असे.

परंतु युद्धाच्या कागदपत्रांत आणखी एक शब्द असतो. तो शब्द म्हणजे 'बेपत्ता'. या शब्दाने कोणतीच गोष्ट संपत नाही. माणूस गेला असे म्हणता येत नाही आणि आहे असेही म्हणता येत नाही. हा शब्द ज्यांच्या वाट्याला येतो त्यांत वैमानिकांचे प्रमाण मोठे असते. असे का होते, अशा माणसांचा शोध कसा घेतला जातो, कायदा त्यांच्या कुटुंबाविषयी काय सांगतो आणि गावपातळीवरील कार्यकर्त्यांना या बाबतीत काय करता येण्याजोगे आहे, याचा विचार या लेखात केला आहे.

आकाशातील लढाईचे वेगळेपण

पायदळातील जवान पडतो तेव्हा त्याच्या आजूबाजूस त्याचे सहकारी असतात. बॉम्बफेक करणाऱ्या विमानाची गोष्ट निराळी आहे. त्याला शत्रूच्या प्रदेशात खोलवर जावे लागते. विमानतळ, रेल्वे, तेलाच्या टाक्या, दारूगोळ्याची कोठारे ही त्याची लक्ष्ये असतात आणि तेथेच विमानवेधी तोफांचे जाळे सर्वांत दाट असते. विमान कोसळते ते शत्रूच्या भूमीवर, समुद्रात किंवा निर्जन प्रदेशात. शेकडो मैलांच्या वेगाने जमिनीवर आदळणारे विमान मातीत खोल रुतते आणि त्यातील इंधन पेट घेते. बरोबरच्या विमानातील सहकाऱ्याला दिसतो तो धुराचा लोट. हवाई छत्री उघडली की नाही हे पाहण्यास त्याच्याजवळ काही क्षणच असतात, कारण त्याला स्वतःचे विमान वाचवून परतावयाचे असते.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या बॉम्बर कमांडमधील सुमारे १,२५,००० वैमानिक व विमान-कर्मचाऱ्यांपैकी ५५,५७३ जण मृत्युमुखी पडले. ज्यांची कबर कोठेही नाही अशा २०,००० हून अधिक राष्ट्रकुलीय विमानवीरांची नावे इंग्लंडमधील रनीमीड येथील स्मारकावर कोरलेली आहेत. आग्नेय आशियातील युद्धात नाहीशा झालेल्या विमानवीरांची नावे सिंगापूरच्या क्रांजी येथील स्मारकावर आहेत. त्याच ब्रह्मदेश आघाडीवर १९४४ साली भारतीय हवाई दलाच्या ७ व ८ क्रमांकांच्या स्क्वाड्रन 'व्हेंजन्स' नावाच्या बॉम्बफेकी विमानांतून लढत होत्या. अरण्याने व्यापलेल्या त्या डोंगराळ भागात विमान कोसळले तर त्याचा माग लागणे किती दुर्घट असेल, याची कल्पना करता येते.

५ डिसेंबर १९७१

स्वतंत्र भारताच्या इतिहासात या विषयाशी जोडले गेलेले एक मराठी नाव म्हणजे फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे. ते हवाई दलाच्या ३२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये होते. या स्क्वाड्रनकडे सुखोई-७ ही विमाने होती. बॉम्ब व रॉकेटे घेऊन शत्रूच्या जमिनीवरील लक्ष्यांवर हल्ला करणारे हे रशियन बनावटीचे विमान १९६८ पासून भारतीय हवाई दलात दाखल होऊ लागले होते. त्यात एकच आसन असे. म्हणजे वैमानिकाच्या अखेरच्या क्षणांचा साक्षीदार विमानात दुसरा कोणीही नसे.

३ डिसेंबर १९७१ च्या सायंकाळी पाकिस्तानने भारतीय विमानतळांवर हल्ले केले आणि पश्चिम आघाडीवर युद्धास तोंड फुटले. त्यानंतर दोनच दिवसांनी, ५ डिसेंबर रोजी, पाकिस्तानच्या पंजाब प्रांतातील शोरकोट रोड विमानतळावरील हल्ल्यात तांबे यांचे विमान जमिनीवरील माऱ्याला बळी पडले. ते परत आले नाहीत. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या बॅडमिंटनमधील राष्ट्रीय विजेत्या आणि अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. विवाहाला त्या वेळी अवघे दीड वर्ष झाले होते.

एवढ्यावरच ही हकीकत थांबली असती तर हवाई दलाच्या नोंदीतील अनेक दुःखद नोंदींपैकी ती एक ठरली असती. परंतु त्याच ५ डिसेंबरच्या 'संडे पाकिस्तान ऑब्झर्व्हर' या ढाक्याच्या वृत्तपत्रात पकडल्या गेलेल्या भारतीय वैमानिकांविषयी वृत्त प्रसिद्ध झाले. त्यातील एक नाव 'फ्लाइट लेफ्टनंट टॉम्बे' असे होते. हवाई दलात या नावाशी जुळणारा दुसरा अधिकारी नव्हता. हे कात्रण हाती आले आणि एका घरातील प्रतीक्षेला आधार मिळाला. वृत्तपत्रातील नाव म्हणजे पुरावा नव्हे हे खरे. युद्धकाळातील वृत्ते घाईची असतात. पण त्याचा निर्णायक खुलासा करणारी दुसरी नोंदही पुढे आली नाही. ती एक नोंद योग्य वेळी झाली असती तर होय किंवा नाही, यांपैकी एक उत्तर त्या कुटुंबाला मिळाले असते.

त्याच युद्धात कॅनबेरा या बॉम्बफेकी विमानाचे वैमानिक फ्लाइट लेफ्टनंट एल. एम. सासून आणि मार्गदर्शक अधिकारी फ्लाइट लेफ्टनंट आर. एम. अडवाणी हेही परतले नाहीत. बेपत्तांच्या यादीत रमेश कदम, अशोक ढवळे, श्रीकांत महाजन ही आणखी काही मराठी वाटणारी नावे आढळतात. प्रत्येक नावामागे एक घर आहे.

नाव नोंदले जाण्याचे महत्त्व

याच युद्धातील दुसऱ्या एका मराठी वैमानिकाची हकीकत येथे मुद्दाम सांगितली पाहिजे. फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर हेही सुखोई-७ चेच वैमानिक. १० डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे विमान पाडण्यात आले. ते छत्रीच्या साहाय्याने उतरले व पकडले गेले. रावळपिंडीच्या छावणीतून ऑगस्ट १९७२ मध्ये एम. एस. ग्रेवाल व हरीश सिंहजी या दोघा सहकाऱ्यांसह ते भिंत फोडून निसटले आणि अफगाण सीमेजवळच्या लंडी कोतलपर्यंत पोहोचले. तेथे ते पुन्हा पकडले गेले. पळून गेलेल्या कैद्यांना शत्रूने परस्पर नाहीसे करणे अशक्य नव्हते. परंतु ते युद्धकैदी आहेत ही गोष्ट अधिकृतरीत्या नोंदलेली व जगाला ज्ञात होती. १ डिसेंबर १९७२ रोजी सहाशेहून अधिक भारतीय युद्धकैदी वाघा सीमेवरून मायदेशी परतले. त्यांत परुळकर होते.

दोन मराठी वैमानिक, एकच युद्ध, एकाच जातीचे विमान. एकाच्या घरी माणूस परतला, दुसऱ्याच्या घरी पन्नास वर्षांनंतरही निश्चित वार्ता नाही. दैव हे एक कारण आहेच. पण यादीतील नाव हे दुसरे कारण आहे, आणि ते माणसाच्या हातचे आहे.

म्हणूनच १९४९ च्या जिनीव्हा करारांनी नोंदीवर एवढा भर दिला आहे. युद्धकैद्याने आपले नाव, हुद्दा, जन्मतारीख व सेवाक्रमांक एवढीच माहिती देणे त्याच्यावर बंधनकारक आहे. पकडणाऱ्या देशाने ही माहिती आपल्या माहिती-कार्यालयामार्फत रेडक्रॉसच्या मध्यवर्ती संस्थेस कळविली पाहिजे. छावणीत पोहोचल्यापासून एका आठवड्याच्या आत कैद्याला आपल्या घरी व त्या संस्थेस पत्र पाठविता आले पाहिजे. मृत आढळलेल्या शत्रूसैनिकाचीही ओळख पटवावी, त्याच्या ओळखपट्टीचा अर्धा भाग परत पाठवावा, त्याचा अंत्यविधी सन्मानाने करावा आणि जागेची नोंद ठेवावी, असे हे करार सांगतात. भारताने ते १९५० मध्ये व पाकिस्तानने १९५१ मध्ये मान्य केले. भारतात त्यासाठी १९६० चा स्वतंत्र कायदाही आहे. आपल्या माणसाचे काय झाले हे जाणून घेण्याचा कुटुंबाचा हक्क १९७७ च्या पूरक करारात स्पष्ट शब्दांत नमूद झाला. मात्र भारत व पाकिस्तान हे दोन्ही देश त्यात सहभागी झालेले नाहीत.

भारतात १९७९ मध्ये लोकसभेत बेपत्तांची नावे सादर करण्यात आली. पुढे ही संख्या ५४ झाली. संरक्षण दलांतील एकूण ८३ बेपत्ता व्यक्ती पाकिस्तानच्या ताब्यात असाव्यात व त्यांत हे ५४ युद्धकैदी आहेत, असे भारत सरकारने संसदेत वेळोवेळी सांगितले आहे. आपल्या तुरुंगांत असा एकही कैदी नाही, ही पाकिस्तानची भूमिका कायम राहिली आहे. १९८३ मध्ये काही कुटुंबीयांना मुलतानच्या तुरुंगाची भेट घडविण्यात आली. जून २००७ मध्ये चौदा नातेवाईकांनी पाकिस्तानातील दहा तुरुंगांत जाऊन शोध घेतला. त्यांत दमयंती तांबे होत्या. कोणाचीही भेट झाली नाही आणि कोणाचेही समाधान झाले नाही.

शोध कसा घेतला जातो

इतका काळ लोटल्यावर शोधाला अर्थ काय, असा प्रश्न स्वाभाविकपणे मनात येतो. त्याचे उत्तर इतर ठिकाणच्या अनुभवावरून देता येईल. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश हवाई दलाने बेपत्तांच्या शोधासाठी एक स्वतंत्र पथक नेमले होते. ४०,००० हून अधिक विमानवीरांचे काय झाले हे शोधण्याचे काम त्याच्यापुढे होते. या पथकाचे अधिकारी युरोपातील खेड्यांतून हिंडले. गावचे प्रमुख, धर्मगुरू, शिक्षक, स्मशानाची व्यवस्था पाहणारे कामगार यांच्या साक्षी त्यांनी घेतल्या. गावची दप्तरे तपासली. इंजिनावरील क्रमांक, कपड्यावरील धोब्याची खूण, अंगठीवरील अक्षरे यांवरून माणसे ओळखली. त्यांच्या यशाचा मोठा वाटा राजधान्यांतील कचेऱ्यांचा नसून गावच्या साध्या नोंदवह्यांचा होता, ही गोष्ट आपल्या ग्रामपंचायतींनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

खुद्द भारतभूमीवरील उदाहरणही बोलके आहे. २५ जानेवारी १९४४ रोजी चीनमधील कुनमिंगहून आसामातील छाबुआकडे निघालेले अमेरिकेचे बी-२४ जातीचे बॉम्बफेकी विमान आठ जणांसह नाहीसे झाले. अरुणाचल प्रदेशाच्या डोंगरांत त्याचे अवशेष असल्याचे तेथील ग्रामस्थांना ठाऊक होते. त्यांच्याच मदतीने २००६ मध्ये ते विमान ओळखले गेले. भारत सरकारच्या संमतीने काही अस्थिअवशेष २०१६ मध्ये अमेरिकेस पाठविण्यात आले आणि त्यांवरून रॉबर्ट ऑक्सफर्ड या अधिकाऱ्याची ओळख पटून २०१७ मध्ये त्यांच्या गावी दफनविधी झाला. यास ७३ वर्षे लागली.

युद्धाबाहेरचे, पण आपल्याच हवाई दलाचे दुसरे उदाहरण आहे. ७ फेब्रुवारी १९६८ रोजी चंदीगडहून लेहकडे गेलेले वाहतुकीचे विमान १०२ जणांसह हिमालयात अदृश्य झाले. २००३ मध्ये गिर्यारोहकांना त्याचे अवशेष आढळले. त्यानंतर लष्कराच्या तुकड्यांनी पुनःपुन्हा मोहिमा काढल्या आणि २०२४ मध्ये, म्हणजे ५६ वर्षांनी, आणखी चार जवानांचे देह मिळाले. बर्फात टिकून राहिलेल्या कागदपत्रांचा त्यांची ओळख पटविण्यास उपयोग झाला. खिशातील एक कागद अर्ध्या शतकानंतर माणसाला त्याचे नाव परत देऊ शकतो.

कायदा काय सांगतो

बेपत्ता माणसाच्या कुटुंबापुढे भावनेइतकाच व्यवहाराचाही प्रश्न असतो. पेन्शन, जमिनीची वारसनोंद, बँकेतील ठेव, विमा या सर्वांसाठी मृत्यूचा दाखला मागितला जातो आणि तोच त्यांच्याजवळ नसतो.

ज्यांना त्या व्यक्तीची वार्ता स्वाभाविकपणे समजली असती अशा माणसांना सात वर्षांत तिच्याविषयी काहीही कळले नसेल, तर ती जिवंत असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर येते. पूर्वी हा नियम १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम १०८ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तो कलम १११ मध्ये आहे. या गृहीतकाची मर्यादा मात्र समजून घेतली पाहिजे. माणूस मरण पावला एवढेच यावरून मानता येते. तो नेमका कोणत्या दिवशी मरण पावला हे यावरून ठरत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये एका विमा प्रकरणात दिला आहे. मृत्यूची तारीख महत्त्वाची असेल तेथे स्वतंत्र पुरावा द्यावा लागतो. युद्धात बेपत्ता झालेल्यांच्या बाबतीत सैन्यदल चौकशी करून मृत्यू गृहीत धरल्याचे घोषित करू शकते व त्यानुसार कुटुंबास लाभ मिळतात.

येथे एक नाजूक गोष्ट उद्भवते. दाखला स्वीकारणे म्हणजे आशा सोडणे, असे अनेक कुटुंबांना वाटते. लाभ घेतला म्हणून आपण आपल्या माणसाला मृत ठरविले, ही बोच त्यांना लागून राहते. कायद्यातील गृहीतक ही व्यवहाराची सोय आहे, तो अंतिम सत्याचा निवाडा नव्हे आणि त्यामुळे शोधाचे दार बंद होत नाही, हे अधिकाऱ्यांनी अशा कुटुंबास धीराने समजावून सांगितले पाहिजे.

कोल्हापूरने पाहिलेली प्रतीक्षा

वार्तेची वाट पाहणे म्हणजे काय असते हे कोल्हापूरने एकेकाळी फार जवळून पाहिले आहे. १९४३ ते १९४८ या काळात शहराजवळच्या वळिवडे येथे पोलंडमधील सुमारे ५,००० निर्वासितांची छावणी होती. त्यांत मुख्यतः स्त्रिया, मुले व वृद्ध होते. त्यांना पूर्व पोलंडमधून रशियात हद्दपार करण्यात आले होते आणि तेथून सुटका होऊन ती इराणमार्गे भारतात आली होती. घरातील पुरुष मित्रराष्ट्रांच्या बाजूने इटलीच्या आघाडीवर व अन्यत्र लढत होते. काहींचा तर ठावठिकाणाच नव्हता. वळिवड्याच्या बराकींतून या कुटुंबांनी पत्रांची वाट पाहिली. कोल्हापूरच्या जनतेने त्यांना आपल्यात सामावून घेतले. या ऋणाची स्मृती म्हणून कोल्हापुरातील महावीर उद्यानात स्मृतिस्तंभ उभा आहे आणि वॉर्सा येथेही कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे. परक्या देशाच्या प्रतीक्षा करणाऱ्या घरांना ज्या भूमीने आधार दिला, तिला आपल्या घरांकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

गावाने काय करावे

पहिली गोष्ट नोंदीची. सैन्यात गेलेल्या प्रत्येकाचे पूर्ण नाव, सेवाक्रमांक, पलटण किंवा स्क्वाड्रन, भरतीचे वर्ष आणि नामनिर्देशित वारस यांची नोंदवही ग्रामपंचायतीने ठेवावी व ती दरवर्षी तपासावी. सेवापुस्तक, शाळेचा दाखला आणि सात-बाराचा उतारा यांतील नावात फरक असेल तर तो वेळीच दुरुस्त करून घ्यावा. 'तांबे' आणि 'टॉम्बे' यांतील अंतर कागदावर एका अक्षराचे दिसते. एका घराच्या आयुष्यात ते पन्नास वर्षांचे ठरले.

दुसरी गोष्ट जुन्या कागदांची. १९६२, १९६५ व १९७१ च्या युद्धांतून न परतलेल्यांची पत्रे, तारा, छायाचित्रे व पदके अनेक घरांतील ट्रंकांत पडून आहेत. कुटुंबाच्या संमतीने त्यांच्या प्रती करून एक संच ग्रामपंचायतीत व एक जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात ठेवता येईल. मूळ कागद मात्र घरीच राहू द्यावेत.

तिसरी गोष्ट शिक्षकांची. गावातील वृद्धांच्या आठवणी विद्यार्थ्यांकडून लिहवून घेणे हा उत्तम उपक्रम होईल. परंतु प्रत्यक्ष पाहिलेले, दुसऱ्याकडून ऐकलेले आणि कागदावर असलेले यांतील भेद मुलांना प्रथम शिकवावा. बेपत्तांच्या कुटुंबांना ऐकीव बातम्यांनी जेवढा ताप दिला आहे तेवढा कदाचित मौनानेही दिला नसेल.

चौथी गोष्ट वागणुकीची. पत्नीने कुंकू पुसावे की ठेवावे, श्राद्ध करावे की न करावे, हे ठरविण्याचा अधिकार तिचा आहे. भावकीचा किंवा गावाचा नाही. वारसनोंद व फेरफाराच्या कामी अशा स्त्रीला हेलपाटे घालावे लागू नयेत याची दक्षता तलाठी व ग्रामसेवक यांनी घ्यावी. तिच्या वाट्याची जमीन 'धनी आल्यावर पाहू' असे म्हणून दाबून ठेवली जात असेल, तर पंचांनी ते होऊ देता कामा नये.

स्मारकावर नाव कोरताना ज्याच्या नावापुढे मृत्यूची तारीख लिहिता येत नाही त्याला वगळण्याची प्रवृत्ती दिसते. त्यालाही तेथे स्थान असावे आणि त्याच्यापुढे तो ज्या दिवशी शेवटचा दिसला ती तारीख लिहावी. तेवढी नोंद निश्चित सत्य असते, आणि पुढे कधी काळी शोध घेणारा कोणी आला तर त्याला तेथून सुरुवात करता येईल.